दारू आणि गांजा वेगवेगळे मोजून कसं चालेल?

'दोन्हींचं प्रमाण थोडं असेल तर गर्भाला फारसा धोका नाही' हे गरोदरपणातल्या दारू-गांजावरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. उंदीर आणि झेब्राफिशवरच्या २०१९च्या अभ्यासात दारू आणि कॅनाबिनॉइड (गांजात असतात तशी रसायनं) एकत्र दिल्यावर डोळ्यांचे, चेहऱ्याचे, मेंदूचे दोष कितीतरी वाढले. कारण दोन्हींचा घाव 'सॉनिक हेजहॉग' या पेशींमधल्या एकाच संदेशमार्गावर बसतो, आणि चेहरा व पुढचा मेंदू घडतो तो त्याच्याच इशाऱ्यावर.

प्रसूती विभागात नर्स म्हणून मी रोज फॉर्म भरून घेते. दारूचा रकाना वेगळा, गांजाचा वेगळा. 'एकाच वेळी घेतलं का?' हा प्रश्नच नाही. शिवाय मज्जानलिका (जिच्यापासून गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू बनतो ती नळी) गर्भधारणेनंतर साधारण २८व्या दिवशी मिटते, तोवर बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. लेखात हे यायलाच हवं होतं.