२० यार्डांवर जुळलं म्हणजे ४० वरही जुळलं?

मिशिगनमध्ये हरणांच्या शिकारीचा धनुर्बाणाचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडतो. त्याच्या आधी महिनाभर क्रॉसबोवाल्यांमध्ये (क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा चाप ओढून बाण सोडणारं धनुष्य) एक सल्ला हमखास फिरतो. त्याचं सार असं: ‘जुना स्कोप (नेम धरायची दुर्बीण) काढून नवा बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. स्क्रू गच्च आवळा. लेझर लावा, क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) ठिपक्यावर आणा. २० यार्डांवर एक बाण मारून बघा, चुकला तर चार क्लिकला एक इंच या हिशेबानं स्कोपवरची चकती फिरवा. खालच्या ३०, ४०, ५० च्या रेषा कंपनीनं जुळवूनच दिलेल्या असतात.’

ऐकायला झकास आहे, पण यातलं निम्मं रायफलवरून जसंच्या तसं उचललेलं आहे आणि उरलेलं अर्धवट आहे.

आधी लेझर. क्रॉसबोला रायफलसारखी नळी नसते. लेझर बाणाच्या जागी रेलवर (बाण ठेवायच्या पट्टीवर) बसतं आणि रेलच्या सरळ रेषेत ठिपका टाकतं. प्रकाश खाली पडत नाही, बाण पडतो. सेकंदाला ३५० फूट वेगाचा बाण २० यार्ड म्हणजे ६० फूट जायला साधारण ०.१७ सेकंद घेतो आणि तेवढ्यात रेलच्या रेषेपासून साडेपाच इंचांहून थोडा जास्त खाली येतो. म्हणजे २० यार्डांवर लेझरच्या ठिपक्यावर क्रॉसहेअर नेमका आणून बसवलात, तर पहिला बाण त्याच्याखाली साडेपाच-सहा इंच लागणार. मग लोक म्हणतात स्कोप खराब निघाला! लेझर वापरायचंच असेल तर १० यार्डांवर वापरा. तिथे फरक दीड इंचाच्या आत राहतो, आणि पहिला बाण टार्गेट सोडून कुंपणात जाऊ नये एवढंच त्याचं काम.

‘चार क्लिकला एक इंच’ हे खरं आहे, पण १०० यार्डांवर. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० यार्डांवर मारा, म्हणजे बाण लागायची जागा, पाव इंच हलवतो; २० यार्डांवर तोच क्लिक त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा हलवतो. तिथे एका इंचाला २० क्लिक लागतात. बाण ३ इंच खाली लागला तर ६० क्लिक वर. सल्ला ऐकणारा १२ क्लिक फिरवतो, पुन्हा मारतो, बाण जवळपास तिथेच, आणि त्याचा स्कोपवरचा विश्वास उडतो. काही क्रॉसबो स्कोपना अर्ध्या एमओएचे क्लिक असतात, तिथे हिशेब निम्मा. टोपणाखाली चकतीवर छापलेलं असतं, ते वाचा. चकतीवरच्या ‘अप’ खुणेच्या दिशेनं फिरवलं की बाण लागायची जागा वर जाते, क्रॉसहेअर नव्हे, हेही तिथेच ध्यानात घ्या.

एका बाणावर निर्णय तर नकोच. एका बाणाच्या चुकीत तुमच्या बोटाचा वाटा किती आणि स्कोपचा किती, हे कळायला मार्ग नसतो. एकाच वजनाचे तीन बाण, बाक किंवा वाळूच्या पिशवीवर टेकून, तीन वेगवेगळ्या ठिपक्यांवर मारा. ठिपके वेगळे यासाठी की क्रॉसबो २० यार्डांवर इतका नेमका असतो की दुसरा बाण पहिल्याच्या शेपटात घुसतो. पाहायला मजा येते, खिशाला नाही.

आता मुख्य मुद्दा, खालच्या रेषांचा. त्या जुळवलेल्या असतात हे खरंच, पण कुठल्या तरी एका वेगासाठी. हवेचा विरोध सोडून द्या आणि स्कोप रेलपासून अडीच इंच उंच धरा. २० यार्डांवर जुळवल्यावर ३५० फुटांच्या वेगाचा बाण ४० यार्डांवर सुमारे ९ इंच खाली असतो, ३०० चा सुमारे १३. ५० यार्डांवर या दोघांतलं अंतर ८ इंचांच्या आसपास जातं. व्हाइटटेल हरणाच्या छातीतला नेमाचा भाग जेमतेम ८ ते १० इंचांचा. वेग चुकीचा धरलात तर २० वर शाबासकी मिळवणारा क्रॉसबो ५० वर जनावर जखमी करून सोडेल.

आणि खोक्यावरचा वेग तुमचा नसतो. तो बहुधा हलक्या बाणावर मोजलेला असतो. ४०० ग्रेनऐवजी (ग्रेन हे वजनाचं माप) ४५० ग्रेनचा बाण घेतला की सेकंदाला १५ ते २० फूट सहज जातात.

म्हणूनच बऱ्याच क्रॉसबो स्कोपना वेगाचे आकडे छापलेलं कडं असतं. ते फिरवलं की स्कोपमधून लक्ष्य किती मोठं दिसतं ते बदलतं, पण रेषा होत्या तेवढ्याच राहतात. त्यामुळे लक्ष्यावर दोन रेषांमधलं अंतर कमी-जास्त होतं. कडं अंदाजे वेगावर ठेवा, वरची रेषा २० वर जुळवा आणि मग ४० यार्डांवर जाऊन ४० च्या रेषेनं मारा. बाण खाली लागले तर तुमचा बाण कड्यापेक्षा हळू आहे, आकडा कमी करा. वर लागले तर वाढवा. मग २० वर परत येऊन तपासा, कारण कडं हलवल्यावर तीही रेषा किंचित सरकू शकते. सल्ल्यात नेमकी हीच पायरी गायब आहे.

उलट्या बाजूचेही काही कमी नाहीत. ते म्हणतात, रायफलचा स्कोप क्रॉसबोवर अजिबात चालत नाही, त्याचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसणं) १०० यार्डांसाठी जुळवलेला असतो. हिशेब करून बघा: ४० मिलिमीटरची काच, २० यार्ड, डोळा अगदी काठाला गेला तरी चूक १६ मिलिमीटरच्या आसपास. तो बाऊ नको. खरी अडचण त्यात बाणाच्या रेषा नसतात ही आहे.

‘गच्च आवळा’बद्दल एवढंच, की स्कोप धरणाऱ्या रिंगचे स्क्रू साधारण १५ ते २० इंच-पाउंडांवर थांबतात, नेमका आकडा रिंगच्या कागदावर असतो. हाताच्या जोरानं पिळलात तर स्कोपच्या नळीला खड्डा पडतो आणि आतला भाग अडकतो. पण आवळण्याआधी स्कोप सरळ उभा आहे का ते बघा. गवंड्याचा ओळंबा २० यार्डांवर टांगा, क्रॉसबोवर लेव्हल ठेवा आणि उभी रेषा दोरीला लावा. फक्त ३ अंशांची तिरकस ५० यार्डांवर बाण दोनेक इंच बाजूला नेते. हे सगळं दोरी ओढलेली नसताना. आणि बाणाशिवाय चाप ओढून ‘बघू’ म्हणू नका, धनुष्याचे बाहू फुटतात.

राहिलं ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं पात्यांचं टोक. सराव फील्ड पॉइंटवर (बिनपात्याच्या साध्या टोकावर) आणि शिकार पात्यांच्या टोकावर, अशी वाटणी बहुतेकांची असते. वजन सारखं असलं तरी स्थिर पात्यांना हवा लागते आणि मारा सरकू शकतो. शेवटचे दोन-तीन बाण त्याच टोकांनी, ते सोसेल अशा फोमच्या टार्गेटवर मारा, आणि गरज पडली तर क्लिक त्यांच्याप्रमाणे बदला.