विश्वास ठेवा म्हणता? आधी पोच द्या

आज संध्याकाळी टीव्हीवरच्या चर्चेत एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, "लोकांचा अशा समित्यांवर विश्वास नाही, कारण लोकांना समित्यांचं काम कळत नाही." विषय होता अटकेतल्या मंत्र्यांना पदावरून दूर करणाऱ्या 130व्या घटनादुरुस्तीसाठी नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीचा, म्हणजे दोन्ही सभागृहांतल्या खासदारांच्या समितीचा. अँकरने मान डोलावली आणि चर्चा पुढे गेली. माझी काही पुढे जाईना. जेवणं झाली, ओटा आवरला, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

कळत नाही म्हणे! अहो, चांगलं कळतं आम्हाला.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. एका वर्षी विधिमंडळाची एक समिती दौऱ्यावर येणार असं पत्र आलं आणि सगळ्या तालुक्याची धावपळ उडाली. पोषण आहाराच्या नोंदवहीतले रिकामे रकाने रात्री जागून भरले गेले. स्वच्छतागृहाच्या दारांना रंग लागला. समितीच्या 'व्यवस्थेसाठी' म्हणून प्रत्येक शिक्षकाकडून वर्गणी घेतली गेली, तिची पावती अर्थातच नव्हती. आईने पैसे दिले. न देऊन सांगते कुणाला?

पण तिने आणखी एक गोष्ट केली. फुलस्केप कागदावर, तिच्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, लिहून काढलं की दोन वर्गांचा स्लॅब गळतो, पावसाळ्यात तिसरी-चौथीची मुलं व्हरांड्यात बसतात आणि त्या दोन्ही वर्गांना मिळून शिक्षक एकच आहे. आमदार स्वतः येतायत, त्यांच्या हातातच देते, म्हणाली. समिती आली ती दिवस कलल्यावर. एका सदस्याने एका मुलीला सतराचा पाढा विचारला, तिने तो धडाधड म्हटला, टाळ्या झाल्या. आईने कागद पुढे केला तर एक अधिकारी मध्ये आला, "मॅडम, लेखी असेल तर कार्यालयात द्या." दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती कार्यालयात गेली. सोबत दोन प्रती नेल्या होत्या, दुसरीवर पोच मागितली. तिथल्या बाबूने कागद टेबलाच्या कडेला सरकवला आणि म्हणाला, "समितीच्या कागदाला पोच नसते, बाई."

लोकांना कळत नाही असं म्हणणाऱ्यांना मला हे वाक्य ऐकवायचंय.

आता या नव्या समितीकडे बघा. विषय किरकोळ नाही. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग 30 दिवस कोठडीत राहिलेला पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा मंत्री 31व्या दिवशी पदावरून जाणार, असं हे विधेयक म्हणतं. गुन्हा सिद्ध व्हायची गरज नाही. मंत्र्याने तुरुंगातून कारभार हाकू नये हे मलाही पटतं, मान्य. पण अटक करणाऱ्या यंत्रणा कुणाच्या हाताखाली असतात हे तुम्हाला-मला काय कुणी समजावून सांगायला हवं का? ऑगस्ट 2025 मध्ये विधेयक मांडलं गेलं आणि समितीकडे पाठवलं. सदस्य 31, त्यातले 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे. अध्यक्ष सत्ताधारी पक्षाच्या. काँग्रेस, तृणमूल, समाजवादी, आप, ठाकरेंची शिवसेना, हे सगळे बहिष्कार टाकून बाहेर राहिले.

अशा समितीचे अधिकार मोठे असतात. ती कुणालाही साक्षीला बोलावू शकते, कागदपत्रं मागवू शकते. (देशाच्या सुरक्षेचं नाव घेऊन सरकार कागद नाकारू शकतं, ते वेगळंच.) आणि हे सगळं बंद दाराआड. लोकसभेतला गोंधळ आपल्याला घरबसल्या थेट दिसतो, कोण बाक वाजवतंय तेही दिसतं. पण जिथे कायद्याचं एकेक कलम खरोखर सोललं जातं, त्या खोलीत कॅमेरा नाही. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत तिथलं काही बाहेर सांगायचं नाही असा नियम. आमच्या नावाने, आमच्या घटनेवर चर्चा, आणि बाहेर आम्हीच!

वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या अशाच संयुक्त समितीत काय झालं ते आठवा. 24 जानेवारी 2025 ला दहा विरोधी खासदार एका दिवसासाठी निलंबित, त्यात आपले मुंबईचे खासदार अरविंद सावंतही. विरोधकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या मतदानात फेटाळल्या, सत्ताधारी बाजूच्या मंजूर. साडेसहाशे पानांचा अहवाल आदल्या रात्री हातात पडला, वाचायचा कधी, ही विरोधी सदस्यांची तक्रार. विधेयकाबद्दल तुमचं मत काहीही असू दे, पण एका रात्रीत साडेसहाशे पानं कोण वाचतं हो?

आणि दिल्लीला तरी कशाला जायचं. आपल्या महाराष्ट्रातलं जनसुरक्षा विधेयक घ्या, कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांविरुद्धचं. ते तपासायला दोन्ही सभागृहांच्या आमदारांची संयुक्त चिकित्सा समिती नेमली, अध्यक्ष कोण, तर महसूलमंत्री! सरकारचं विधेयक, आणि ते तपासणाऱ्या समितीवर सरकारचाच मंत्री. लोकांनी 12 हजारांवर सूचना पाठवल्या. बारा हजार! कुणीतरी बसून, विचार करून, कलमांचे क्रमांक टाकून लिहिलं असेल ना? जुलै 2025 मध्ये समितीचा अहवाल आला, मोजक्या दुरुस्त्या झाल्या आणि विधेयक आवाजी मतदानाने मंजूर. समितीत विरोधी पक्षांचे दिग्गज होते, पण विधानसभेत विरोधाला उभे राहिले ते माकपचे एकटे आमदार. ती बातमी वाचताना मला आईचा तो टेबलाच्या कडेला सरकवलेला कागदच दिसत होता. त्या हजारो सूचनांपैकी कुठली स्वीकारली, कुठली का नाकारली, हे लिहिणाऱ्याला एका ओळीत कळवलं असतं तर काय बिघडलं असतं?

धुळ्याचं मी लिहिणारच नव्हते, पण आता राहवत नाही. मे 2025, सरकारी खर्च तपासणाऱ्या विधिमंडळाच्या अंदाज समितीचा दौरा, सरकारी विश्रामगृहाची खोली आणि त्यात पावणेदोन कोटींवर रोकड. पैसे कुणाचे, कशासाठी, ते चौकशीत जे यायचं ते येवो. पण बातमी आली त्या दिवशी आई नुसती "वर्गणी" एवढंच म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

हे सगळं लिहितेय म्हणून समित्या मोडीत काढा असं मी म्हणतेय असं कुणी समजू नका. उलट 15व्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती आणि 17व्या लोकसभेत 16 टक्के, याचं मला जास्त दुःख आहे. बंद खोलीत खासदार पक्षाच्या वर उठून बोलतात म्हणे. बोलत असतील. 2003 मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांची चौकशी करायला शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली समिती होती, तिने बड्या कंपन्यांची भीड न ठेवता कीटकनाशकं आहेत हे मान्य केलं. म्हणजे मनात आणलं तर जमतं. म्हणून तर राग येतो.

आणि बाहेर बसलेल्या विरोधकांवरही येतो. तुमचा संशय मला समजतो. पण भिन्न मतपत्रिका, म्हणजे अहवालाला जोडायची असहमतीची नोंद, लिहायला आत माणूस लागतो. उद्या आमच्यासारख्यांनी निवेदन पाठवलं तर ते हातात घेऊन "याचं काय झालं?" असं विचारायला आत कोण आहे? सुप्रियाताई सुळे समितीत गेल्या म्हणून त्यांच्यावर टीका झाली, मला तर त्या गेल्या ते बरं वाटलं. एक तरी ओळखीचा आवाज आत असू दे.

मागणं फार मोठं नाही. साक्षींचं थेट प्रक्षेपण करा, संरक्षणासारखे विषय सोडून. सरकारी विधेयक तपासणाऱ्या समितीवर मंत्र्याला अध्यक्ष नेमू नका. आणि जो माणूस सूचना पाठवेल त्याला क्रमांक द्या, त्याच्या सूचनेचं काय झालं ते त्या क्रमांकावर लिहा. साध्या वीजबिलाच्या तक्रारीला क्रमांक मिळतो, घटनादुरुस्तीवरच्या मताला का नको?

आईला आज विचारलं, तो कागद दिलास त्याचा पस्तावा होतो का? म्हणाली, "नाही गं, स्लॅब गळतच होता." यापुढे तिचं काही बोलणं झालं नाही, ती औषध घेऊन झोपायला गेली.

मित्रमैत्रिणींनो, आपापल्या खासदाराला एवढंच विचारा: तुम्ही कुठल्या समितीवर आहात, किती बैठकींना हजर होतात आणि तिथे काय बोललात? हजेरी इतिवृत्तात असते, टाळता येणार नाही. उत्तर आलं तर इथे खाली टाका. आलं नाही तर खासदाराचं नाव टाका.