‘सत्यनारायण घालायचाय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार अनामिक,

साहेब म्हणू की ताई ते कळत नाही, नाव लिहायची तसदी तुम्ही घेतलेली नाही. असो. ‘रॅक येण्याआधी खोली तयार करा’ या माझ्या लेखाखाली (रॅक म्हणजे नेटवर्कची यंत्रं बसवायचं लोखंडी कपाट, आणि स्विच म्हणजे विजेचं बटण नव्हे, तर ऑफिसातले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं त्यातलं यंत्र) तुम्ही जे लिहिलंय ते बाकीच्यांच्या सोयीसाठी आधी इथे देतो :

“लेख वाचून हसू आलं. स्विच बसवायचाय की सत्यनारायण घालायचाय? आमच्या ऑफिसात पीओपीचं काम चालू असतानाच रॅक उभा केला, धुळीचं काय एवढं, ब्लोअर मारला की जाते, काही झालं नाही. एसी १८ ते २२ वर ठेवा म्हणता, कंपनीचं डेटाशीट ४५ डिग्री सांगतं. छोट्या ऑफिसाला वेगळी खोली, वेगळा एसी, वेगळं अर्थिंग परवडतं का याचा कधी विचार केलाय? एकूण काय, घाबरवून माल खपवायचा प्रकार.”

शेवटून सुरुवात करतो कारण तेच जास्त लागलं. कुठला माल हो? मी एसी विकत नाही, रॅक विकत नाही, अर्थिंगचे खड्डे खणून देत नाही. खोली चांगली असली तर उलट माझंच नुकसान आहे, कारण मला रात्री-अपरात्री फोन येतात ते खराब खोलीवाल्यांचे आणि व्हिजिटचे पैसे त्यांच्याकडूनच मिळतात. ‘ब्लोअर मारला की झालं’ असं मी लिहिलं असतं तर पुढची काही वर्षं माझी सोय झाली असती. मतभेद असू द्या, चूक दाखवा, पण समोरच्याच्या हेतूवर शिंतोडे उडवून मग तांत्रिक मुद्दा मांडायचा ही पद्धत मला तरी शिकवलेली नाही.

आणि सत्यनारायणाचं काढलंच आहे तर, पूजा असेल तेव्हा लोक घर आदल्या दिवशी झाडून-पुसून घेतात, भटजी पाटावर बसल्यावर कुणी जळमटं काढायला घेत नाही. अख्ख्या लेखात मी यापेक्षा वेगळं काहीच सांगितलेलं नाही. फोडणं, तासणं, घासणं, रंगवणं सगळं आधी, खोली बंद करून साफ करा, मग खोकं उघडा. तुम्हाला हसू आलं, आनंद आहे.

आता धुळीकडे येतो. “धुळीचं काय एवढं” हे वाक्य मी तीन-चारदा वाचलं आणि प्रत्येक वेळी थोडा जास्त चिडलो हे कबूल करतो.

मी या धंद्यात आलो तेव्हा टेबलांखालून काळी कोॲक्स केबल फिरायची, प्रत्येक मशीनला बीएनसीचा टी-आकाराचा जोड, आणि टोकाचा ५० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे केबलच्या शेवटी बसवायचं टोपण, कुणाच्या पायाने निघाला की अख्खं ऑफिस बसायचं. तेव्हापासून हब पाहिले, स्विच पाहिले, आता फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची केबल, पाहतोय. या काळात मी जेवढी उपकरणं उघडून आत डोकावलोय तेवढी तुम्ही खोक्यातून बाहेर काढली असतील का शंकाच आहे. (हे जरा जास्त झालं, पण राहू देतो.)

पीओपीचं काम म्हणजे फक्त पांढरी पावडर नव्हे. फॉल्स सीलिंगवाला जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) चॅनेल आणतो आणि ते तिथेच, त्याच खोलीत, ग्राइंडरने कापतो. ठिणग्या उडतात ते सगळ्यांना दिसतं, पण ठिणगी विझल्यावर त्याचा लोखंडाचा बारीक चुरा होतो आणि तो विजेला वाट देतो हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मग भिंतीला पुट्टी, तिच्यावर पॉलिशपेपर, त्याची धूळ इतकी बारीक की दोन दिवस हवेतच तरंगते. शेजारी सुतार एमडीएफ कापत असतो, त्याचा भुसा वेगळाच. आणि या सगळ्यात तुमचा स्विच चालू, म्हणजे त्याचे पंखे चालू, म्हणजे खोलीतली हवा तो पुढून किंवा बाजूने ओढून मागून सोडतोय, रात्रंदिवस. कारागीर संध्याकाळी घरी जातो, पंखा जात नाही. मशीन बंद असतं तर निदान धूळ वर बसली असती, चालू मशीन ती आत घेऊन हीटसिंकच्या (चिप थंड ठेवणाऱ्या धातूच्या) पट्ट्यांत आणि पॉवर सप्लायमध्ये नीट रचून ठेवतं.

लगेच काही होत नाही, बरोबर. तुमचं “काही झालं नाही” तिथूनच आलंय. कोरडी धूळ बरेच महिने गप्प असते. मग जून लागतो, हवा दमट होते, बोर्डावरचा धुळीचा थर ओल धरतो आणि जिथे करंट जायला नको तिथे थोडा थोडा जायला लागतो. कोकणात असाल तर त्यात खारी हवा. दुसरीकडे हीटसिंक गुदमरलेला, पंखा जास्त जोराने फिरतो, जास्त फिरतो म्हणून जास्त धूळ ओढतो, बेअरिंग घासतं आणि एक दिवस पंखा बसतो. तोपर्यंत पीओपीवाल्याचं बिल कधीच चुकतं झालेलं असतं, मग शिव्या कुणाला, तर स्विचच्या कंपनीला.

फायबरचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. सिंगल मोड फायबरचा गाभा, ज्यातून प्रकाश जातो, तो साधारण ९ मायक्रॉनचा. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. पुट्टीच्या धुळीतला एक कण त्या गाभ्यावर बसला तर प्रकाश अडतो, आणि कनेक्टर तसाच दाबून बसवला तर तो कण दोन काचांच्या मध्ये चिरडून काचेवर कायमचा ओरखडा पाडतो. मग पुसत बसा. म्हणून मी लिहिलं होतं की एसएफपीची (स्विचमध्ये फायबर जोडायचा छोटा तुकडा) आणि पॅचकॉर्डची (जोडायची छोटी केबल) टोपणं शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका, काढलीत तर खिशात नाही, स्वच्छ पिशवीत ठेवा, आणि लावायच्या आधी स्कोपमधून, म्हणजे छोट्या सूक्ष्मदर्शकातून, टोक बघा. याला तुम्ही सोवळं म्हणा, मी काम म्हणतो.

आता तुमचा ब्लोअर. बागेतली पानं उडवायचा ब्लोअर घेऊन रॅकसमोर उभं राहिलं की समोरची धूळ जाते, मान्य, पण जाते कुठे? अर्धी मशीनच्या आत आणखी खोल, अर्धी खोलीभर, आणि तासाभराने तीच परत पंख्यांतून आत. वर ब्लोअरच्या झोताने आतले पंखे त्यांच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जोरात फिरतात, मोटर त्यासाठी बनवलेलीच नसते. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारणारेही पाहिलेत, तिच्यात पाणी आणि तेल दोन्ही येतं. खोली साफ करायची ती व्हॅक्यूमने, बारीक धूळ परत बाहेर न सोडणारा हेपा फिल्टरवाला असेल तर उत्तम, वरून खाली, आधी सीलिंगच्या वरचा भाग, मग केबल ट्रे, मग भिंती, शेवटी जमीन, आणि मग ओल्या पण पिळलेल्या फडक्याने. खराटा नाही. हे मशीन यायच्या आधी. मशीन आल्यावर खोलीत ड्रिल मारायचंच झालं तर मशीन बंद करून प्लास्टिकने झाका आणि भोकाखाली व्हॅक्यूमचं तोंड धरा. झाकून चालू ठेवू नका, तेही केलेले महाभाग भेटलेत.

आमच्याच भागातल्या एका संस्थेची नवी शाखा होती, नाव सांगत नाही. उद्घाटन दसऱ्याला, पत्रिका वाटून झालेल्या, आणि आदल्या आठवड्यात खोलीत सुतार बसलेला. मी सांगितलं काम संपवा, खोली पुसा, मग बोलवा. “तुम्ही फार नखरे करता” म्हणाले आणि दुसऱ्याकडून बसवून घेतलं. पुढच्या पावसाळ्यात पोर्ट आपोआप बंद पडायला लागले तेव्हा फोन मलाच. झाकण काढलं तर आत पांढरा लेप, एका पंख्याला भुशाची अक्षरशः दाढी, आणि पॉवर सप्लायजवळ एक वाळलेली पाल, कारण केबलसाठी भिंतीला पाडलेलं भोक कुणी बुजवलंच नव्हतं. दोन्ही स्विच बदलावे लागले. तेव्हा “एक केस म्हणजे पुरावा नव्हे” असं म्हणणार असाल तर तुमचं ऑफिससुद्धा एकच केस आहे, हे लक्षात असू द्या.

तापमानाबद्दल तुमचं थोडं बरोबर आहे, ते मोकळेपणाने मान्य करतो. १८ ते २२ मी जरा कडक लिहिलं. अ‍ॅशरेची शिफारस १८ ते २७ आहे (ही एसी-कूलिंगवाल्या अभियंत्यांची अमेरिकी संस्था), २५-२६ वर ठेवलंत तरी माझी हरकत नाही, वीजबिलही वाचेल. लेखात तशी दुरुस्ती केलीय. झालं समाधान?

पण ४५ चा दाखला देऊ नका. डेटाशीटमधला, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातला, आकडा मशीन जी हवा आत ओढतं तिचा असतो, दाराजवळ टांगलेल्या थर्मामीटरचा नाही. भिंतीवरच्या बंद रॅकमध्ये, पुढे काच, मागे भिंत, तिथे मशीन स्वतःचीच गरम हवा परत पितं, खोली ३२ ला असताना आत ४० सहज होतं. आणि त्याच खोलीत तुमचा यूपीएस असणार ना? त्याच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २०-२५ डिग्रीला धरलेलं असतं, आणि वर दर दहा डिग्रीला ते निम्म्यावर येतं हा या धंद्यातला जुना ठोकताळा. स्विच ४५ सहन करेल, बॅटरी फुगेल. फुगलेली बॅटरी पाहिलीय का कधी?

राहिला परवडण्याचा प्रश्न. ते ज्याचं त्याने बघावं, प्रत्येकाचा खिसा वेगळा, त्यावर मी काय बोलणार, कधीतरी वेगळा लेख लिहीन. फक्त एवढं सांगतो की लेखातल्या निम्म्या गोष्टींना पैसेच लागत नाहीत. कामांचा क्रम बदलायला पैसे लागत नाहीत. स्प्लिट एसीचं युनिट रॅकच्या डोक्यावर न लावता दोन हात बाजूला लावायला, म्हणजे ड्रेन तुंबला तर पाणी मशीनवर नाही जमिनीवर पडेल, त्याला पैसे लागत नाहीत. भोक बुजवायला मूठभर सिमेंट लागतं. आणि तळमजला सोडून रॅक वरच्या मजल्यावर घ्यायला काय लागतं ते आम्हा सांगलीकरांना विचारा, ४५ फूट ही इथे कृष्णेची धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती किती मागे पडली आणि तळमजल्यावरच्या कितीजणांच्या मशीनमध्ये गाळ भरला ते मी स्वतः उपसलंय.

अर्थिंग मात्र त्या ‘परवडतं का’च्या यादीत घालू नका, ते पाहून मला खरंच धक्का बसला. खिडकीच्या गजाला हिरवी वायर गुंडाळून “अर्थिंग केलंय” म्हणणारे इलेक्ट्रिशियन आहेत आणि त्या रॅकला हात लावणारा पोरगा माझ्यासोबत असतो. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, दोन व्होल्टच्या वर गेलं तर आम्ही मशीन खोक्यातून काढत नाही, आणि एखाद्या ठिकाणी ४०-५० दाखवल्यावर मालक म्हणतो “कॉम्प्युटर तर चालतायत की”. चालतायत. अर्थ नसलेल्या जागी पत्र्याला हात लावला की हाताला मुंग्या येतात, तोपर्यंत चालतात. यात उपकरणाचा प्रश्न नंतर येतो, आधी माणसाचा येतो.

जाता जाता, आग विझवायच्या पावडरच्या सिलेंडरबद्दल लिहिलेला परिच्छेद तुम्ही बहुतेक वाचलाच नाही, निदान त्यावर तरी हसू नका. एबीसी पावडर आग विझवते, पण ती ओल धरते आणि बोर्ड खाते, म्हणजे आग एका सॉकेटची आणि अख्खा रॅक भंगारात. त्या खोलीच्या दाराशी सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलेंडर ठेवा, आणि तो बंद खोलीत मारलात तर स्वतः आत थांबू नका, श्वास कोंडतो.

बाकी तुमच्या लिहिण्यात उत्तर द्यावं असं मला काही दिसलं नाही. प्रतिक्रिया उडवणार नाही, राहू दे, लोकांनाही कळू दे. एकच करा. पीओपीच्या कामात उभ्या केलेल्या त्या रॅकमधल्या स्विचवर मॅनेजमेंट (आत लॉगिन करून स्थिती बघायची सोय) असेल तर लॉगिन करून ‘शो एन्व्हायर्नमेंट’ ही कमांड मारा, किंवा तुमच्या कंपनीचं जे काही असेल ते, आणि पंख्याची स्थिती आणि आतलं तापमान दुपारी तीन वाजता काय दाखवतंय ते इथे खाली टाका. आकडे आले की पुढचं बोलू.