करडू अप, करडू डाऊन

कन्येच्या वाढदिवसाला कुणीतरी एक पुस्तक दिलं. कुणी, ते आजवर कळलेलं नाही. कळलं असतं तर रात्री साडेदहाला फोन करून त्यालाच गोष्ट सांगायला लावली असती. पानं 32, म्हणजे सोळापानी दोन फॉर्मे, आणि आत शब्द एकच: 'मेंऽऽ'. तोही दोनदा. बाकी नुसती चित्रं. एक करडू गवताच्या गाडीत पेंगतं, गाडी सुटते, जाग येते तेव्हा ते भलत्याच शहरात.

"अरे वा, वाचायला काही नाहीच की!" असं मी पहिल्या रात्री म्हणालो होतो. इतका भाबडा मी लग्नानंतर प्रथमच झालो.

मजकूर असलेल्या पुस्तकाची सोय अशी, की डोळ्यांवर झापड आली की परिच्छेदच्या परिच्छेद गाळत 'सुखाने नांदू लागले'पर्यंत फास्ट गाडी नेता येते. इथे गाळणार काय? लेखकाने हात झटकले आणि उरलेलं काम मुलुंडमधल्या एका दमलेल्या माणसावर टाकलं, तेही बिनमानधन.

त्यात पहिल्या रात्रीचा उत्साह नडला. बाजाराच्या चित्रात निळ्या छत्रीवाली एक आजी आहे, तिच्या पिशवीत पेरू आहेत असं मी बोलून गेलो. पिशवीचं तोंड बांधलेलं. आत काय आहे ते चित्रकारालाही ठाऊक नसेल. दुसऱ्या रात्री चुकून केळी म्हणालो, तर साडेतीन वर्षांचं पोर अंथरुणात ताडकन उठून बसलं. "पेरू!" तेव्हापासून मी पेरूंना बांधील आहे. पान सातवर करडू रडत नसून त्याला शिंक येतेय, हेही म्हणे मीच एकदा सांगितलं होतं. असेल. तोंडी जबानीचा हाच तोटा.

माझ्या आईची आवृत्ती वेगळी. तिच्या मते करडू चुकून वगैरे गेलेलं नाही. "आई हाका मारत होती, ऐकलं नाही. आता भोग म्हणावं!" तिच्याकडे ते शेवटी मऊ वरणभात खाऊन झोपतं. बायकोची आवृत्ती सगळ्यात सुटसुटीत: "गेलं, फिरलं, आलं. डोळे मीट." नवल म्हणजे तिचं चालतं.

चित्रकाराची एक खुबी मात्र मानली पाहिजे. निम्म्या पुस्तकापर्यंत करडू डावीकडून उजवीकडे धावतं, पान उलटायच्या दिशेने. घरी निघालं की तोंड डावीकडे. मला हे कळायला तीन आठवडे लागले. कन्येने केव्हाच नावं ठेवली होती: जाताना 'अप', येताना 'डाऊन'. बाबा रोज लोकलने तसाच जातो ना.

परवा घाईत ऑफिसच्या फाइलीबरोबर ते पुस्तकही बॅगेत गेलं. घाटकोपरला मला चौथी सीट मिळाली. चौथी सीट म्हणजे तिघांच्या बाकाच्या कडेला एका पायावर बसणं. म्हटलं, रात्रीची थोडी तयारी करू. पण पुस्तक आडवं, उघडलं की दोन्ही बाजूंच्या मांड्यांवर जातं. शेजारच्या मांडीने आधी नाराजीने पाहिलं, मग पान उलटू दिलं नाही.

"साहेब, ही छत्रीवाली पहिल्या पानावर पण आहे."

मागे गेलो. होती. शेताच्या कडेला, छत्री मिटून. तीन आठवडे मी तिला पेरू वाहायला लावत होतो, आणि बाई पहिल्यापासून तिथे उभी!

"म्हणजे गाडी तिचीच," भजनवाल्यांतला टाळकरी टाळ थांबवून म्हणाला.

कुर्ल्यापर्यंत डब्यात दोन तट पडले. एक म्हणे तिनेच पळवलं, दुसरा म्हणे तिनेच घरी पोचवलं. खिडकीजवळच्या काकांनी, शेअर बाजाराचं पान घडी करून, मुद्द्याचं विचारलं, "पिशवीत काय आहे?"

"पेरू," मी म्हणालो. कुणीही शंका घेतली नाही.

या भानगडीत भायखळ्याला उतरायचं राहिलं. भानावर आलो तेव्हा गाडी सीएसएमटीच्या फलाटाला लागलेली, आणि पुस्तक समोरच्या सीटवर गेलेलं. ते सोडवून, उलट्या गाडीने परत. लेट मार्क लागलाच.

रात्री दारातच उलटतपासणी झाली.

"करडू गाडीत बसलं?"

"बसलं. आधी अप, मग डाऊन."

"त्याचं तिकीट काढलं?"

"पाच वर्षांखालच्यांना लागत नाही."

"ते किती वर्षांचं आहे?"

मी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. मलपृष्ठावर, किमतीच्या खाली, अगदी बारीक अक्षरांत छापलंय: 'वय 3 ते 6'. म्हणजे अर्धं तिकीट लागू शकतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.