क्लबची वर्गणी बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

हौशी क्रीडा क्लबांच्या वर्गणीविरुद्धचा एक मेसेज पालकांच्या ग्रुपवर सारखा फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मुद्दे तेच. खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, त्याचे पैसे कसले घेता? प्रशिक्षक हौसेने शिकवतात, मग खर्च कशाचा? सरकार अनुदान देते, प्रायोजक असतात. पोरगा मोठा खेळाडू झाला की क्लबला घबाड मिळते. लंडनमध्ये पार्करन ही दर आठवड्याची उद्यानातली धाव फुकट चालते, मग इतरांना का जमत नाही? आणि शेवटी ठरलेले वाक्य: वर्गणी म्हणजे पदाधिकाऱ्यांचे खिसे भरायची सोय, ती बंद करा.

यामागची चीड मला समजते. पैशांपायी एखाद्या मुलाचा खेळ सुटणे ही वाईटच गोष्ट आहे. पण या मेसेजप्रमाणे वागायचे ठरवले तर सगळ्यात आधी कुलूप लागेल ते लहान क्लबांना, ज्यांच्यामागे कुणी धनिक नाही. मी क्लबची खजिनदारी केली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

प्रशिक्षक हौसेने शिकवतात, हे बहुतेक छोट्या क्लबांत खरे आहे. मैदान मात्र कुणी हौसेने देत नाही. जमाखर्चाची वही उघडली की पहिल्याच पानावर मैदानाचे किंवा हॉलचे भाडे दिसते. मग दिव्यांचे वीजबिल, संघटनेचे संलग्नता शुल्क, खेळाडूंची नोंदणी, विमा, पंचांचे मानधन, चेंडू, जाळी, प्रथमोपचाराची पेटी, बाहेरगावच्या सामन्यांचा प्रवास. फुकट शिकवणाऱ्या प्रशिक्षकालाही प्रमाणपत्राचा कोर्स करावा लागतो आणि त्याची फी भरावी लागते. संध्याकाळचा सराव ठरलेला असतो आणि दुपारपासून पाऊस लागतो. सराव रद्द झाल्याचा निरोप जातो, मुले घरीच थांबतात, पण मैदान पूर्ण हंगामासाठी घेतलेले असल्याने त्या दिवसाचे भाडे सुटत नाही. सामन्याच्या दिवशी समोरचा संघ आलाच नाही तरी पंच आलेला असतो. त्याचे मानधन आणि गाडीभाडे हातात ठेवावेच लागते.

यातली खरी गोम अशी की यातला बराचसा खर्च डोकी मोजून होत नाही. सरावाला बारा मुले आली काय नि वीस आली काय, भाडे तेवढेच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता अनुदान. अनुदान मिळते, पण ते बहुधा एखाद्या ठरलेल्या कामासाठी असते: नवे फ्लोअरिंग, दिव्यांचे खांब, साहित्याचा एक संच. दिवे अनुदानातून लागतात, त्यांचे बिल दर महिन्याला वर्गणीतून जाते. अनेक योजनांत क्लबला स्वतःचा वाटा आधी दाखवावा लागतो, किंवा आधी खर्च करून मग पावत्या जोडाव्या लागतात. ज्याच्या खात्यात काहीच शिल्लक नाही त्याला असे अनुदान घेताही येत नाही.

रोजच्या खर्चाला मदत करणारे देश आहेत. स्वीडनमध्ये मुला-तरुणांच्या सरावासाठी सरकारी मदत हजेरीवर मिळते. ७ ते २५ वयाचे किमान तीन जण, नेमलेल्या प्रशिक्षकासोबत, किमान ६० मिनिटे, तर तो सराव मोजला जातो. व्यवस्था फार चांगली आहे, पण तिच्यातही आधी क्लब उभा असावा लागतो, सराव झालेला असावा लागतो. नॉर्वेत सरकारी लॉटरी कंपनीच्या नफ्यातला ६४ टक्के वाटा खेळांना जातो, शिवाय लॉटरी खेळणाऱ्याला आपल्या पैशांतला ७ टक्के वाटा आवडत्या स्थानिक संस्थेला देता येतो. एवढे असूनही तिथले क्लब वर्गणी घेतात. प्रायोजकाबद्दल फार बोलायला नको. त्याचा धंदा मंदावला की पहिली कात्री आपल्यावर चालते, आणि त्याला नाव हवे असते मोठ्यांच्या संघाच्या जर्सीवर. दहा वर्षांखालच्या मुलांचे सराव बघायला कोण येतो?

घबाडाची गोष्ट आकड्यांत बघू. फुटबॉलमध्ये २००१ पासून फिफाचा नियम आहे की आंतरराष्ट्रीय बदलीच्या, म्हणजे खेळाडू परदेशी क्लबात जाताना मोजल्या जाणाऱ्या, रकमेतले ५ टक्के त्या खेळाडूला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटायचे. १२ ते १५ या चार वर्षांसाठी दर वर्षी पाव टक्का, पुढे दर वर्षी अर्धा टक्का. म्हणजे मुलाला त्या चार वर्षांत घडवणाऱ्या क्लबला एकूण एक टक्का, तोही तो व्यावसायिक झाला, परदेशी क्लबाने त्याच्यासाठी पैसे मोजले आणि आपल्या क्लबने नोंदी नीट जपल्या असतील तर. नियम न्याय्य आहे आणि दुसऱ्या खेळांनीही तो आणावा असे मला वाटते. पण त्याच्या भरवशावर पुढच्या महिन्याचे भाडे देता येत नाही. अशी मुले किती निघतात, हे मैदानावर उभ्या असलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक असते.

पार्करनबद्दल मला मनापासून आदर आहे. पॉल सिंटन-ह्यूइट यांनी २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंना घेऊन सुरू केलेली ५ किलोमीटरची ही धाव आज कितीतरी देशांत दर आठवड्याला होते, आणि धावणाऱ्याला एक पैसाही पडत नाही. पण ती कशावर चालते ते बघा. धावायला जाळी लागत नाही, पंच लागत नाही, हॉल लागत नाही. वेळ नोंदवायला स्वयंसेवक, मध्यवर्ती खर्चाला प्रायोजक, आणि उद्यानाची देखभाल सार्वजनिक पैशांतून. २०१६ मध्ये ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्डच्या स्थानिक परिषदेने उद्यान वापरण्याचे पैसे मागायचे ठरवले. पार्करनने नकार दिला आणि लिटल स्टोक इथली धाव बंद पडली. खेळ खेळाडूला फुकट पडतो तेव्हा त्याचे बिल दुसरे कुणीतरी भरत असते. त्याने हात आखडता घेतला की सभासदांच्या हाती काही उरत नाही. मुष्टियुद्धाची रिंग किंवा पोहण्याचा तलाव अशा भरवशावर चालवणे फार कठीण.

उरला हक्काचा मुद्दा, आणि तो या सगळ्यात सर्वांत वजनाचा आहे. वर्गणी न परवडणारे मूल बाहेर राहते, हे खरे आहे. मेसेजने दुखणे बरोबर ओळखले, औषध चुकीचे सांगितले.

समजा, क्लबात १०० मुले आहेत आणि वर्षाचा खर्च १००० आहे. त्यातले ८०० भाडे, विमा, संलग्नता असे न टळणारे, आणि २०० मुलांच्या संख्येप्रमाणे बदलणारे. वर्गणी प्रत्येकी १०. यातल्या २० मुलांना ती झेपत नाही. ती सोडून गेली तर खर्च ९६० वर येतो आणि उरलेल्या ८० जणांवर प्रत्येकी १२ पडतात. त्याच २० मुलांना पूर्ण माफी देऊन ठेवून घेतले, तर १००० भागिले ८०, म्हणजे साडेबारा. बारा आणि साडेबारा, फरक फक्त अर्ध्याचा. आणि त्यांच्याकडून अर्धी वर्गणी घेतली, तर बाकीच्यांना ११ च्या थोडे वर पडतात. म्हणजे ती मुले निघून गेल्यावर जे भरावे लागले असते त्यापेक्षा कमीच. मैदान आधीच भाड्याने घेतलेले आहे, दिवे आधीच लागलेले आहेत. अजून एका मुलाला त्या प्रकाशात खेळू देण्याचा खर्च फार थोडा असतो. माफी देणे क्लबला परवडत नाही असे सांगणाऱ्या प्रत्येक कार्यकारिणीसमोर हा हिशेब ठेवला पाहिजे.

पण ती माफी मागणे मुलाच्या आईबापांना सोपे असले पाहिजे. त्यांना समितीसमोर उभे करून उत्पन्नाचा दाखला मागितला तर ते पुन्हा येणारच नाहीत. प्रवेश अर्जावर सगळ्यांसाठीच एक ओळ असावी: पूर्ण वर्गणी, अर्धी, की यंदा शक्य नाही. ती ओळ फक्त खजिनदाराने वाचावी, आणि तिच्याबद्दल पुन्हा कधी बोलू नये. ब्रिटनमध्ये सामुदायिक हौशी क्लब म्हणून करसवलत हवी असेल, तर ज्या क्लबात सभासदाला वर्षाला ५२० पौंडांहून अधिक खर्च येतो त्याला न परवडणाऱ्यांसाठी सोय करावीच लागते. आइसलंडची राजधानी रेक्याविकमध्ये २००७ पासून ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलामागे शहर ठरावीक रक्कम देते, आणि कुटुंब ती आपल्या पसंतीच्या क्लबच्या वर्गणीत वळती करते. त्यात क्लबही चालतो आणि मूलही खेळते. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी सरकारकडे मागायचे असेल तर हे मागावे.

राहिला पदाधिकाऱ्यांवरचा आरोप. काही ठिकाणी तो खराही असेल. पण पैसे खाल्ले जात असतील तर त्यावर नजर ठेवायचे साधन वर्गणीच देते. वर्गणी भरणारा सभासद असतो. त्याला वार्षिक सर्वसाधारण सभेत बसता येते, ताळेबंद मागता येतो, मत देता येते. सगळा पैसा एकाच प्रायोजकाकडून आला की खजिनदार हिशेब त्याला देतो, तुम्हाला नाही. म्हणून पुढच्या सभेला जा. भाड्याचा करार, विम्याची पावती, वर्षअखेरीची बँकेतली शिल्लक आणि यंदा किती मुलांना माफी मिळाली तो आकडा, एवढे मागा. माफी मिळालेल्यांची नावे मात्र मागू नका. हे दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर तुमची तक्रार रास्त आहे. ती लेखी करा, त्यावर इतर सभासदांच्या सह्या घ्या, आणि क्लब ज्या संघटनेला संलग्न आहे तिथे एक प्रत पाठवा.