एडिटरमधली ईमेल: सगळे क्लायंट सारखे नसतात

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये ईमेल वाचण्याविरुद्ध एक मजकूर फिरतो आहे. दावे चार: एचटीएमएल (वेबपानासारख्या मांडणीची) मेल दिसत नाही, मेल त्या एडिटरमध्येच अडकते, जीमेल आता चालत नाही, आणि हौसच असेल तर कुठलाही क्लायंट (मेल वाचायचा प्रोग्रॅम) घ्या, सगळे सारखेच. यातला शेवटचा दावा सर्वांत जास्त नुकसान करतो.

एचटीएमएलचं आधी उरकतो. 2012 साली आलेल्या ईमॅक्स 24 पासून ते दाखवण्याची सोय आतच आहे. जाहिरातींची रंगीत मांडणी विस्कटते, हे खरं. अशी मेल ब्राउझरमध्ये उघडावी; म्यूफॉरई या ईमॅक्समधल्या क्लायंटमध्ये त्याला दोन कळा पुरतात.

मेल अडकते, हे एके काळी पटण्यासारखं होतं. ईमॅक्सचा जुना क्लायंट आरमेल स्वतःच्या वेगळ्याच फॉरमॅटमध्ये मेल साठवायचा. ईमॅक्स 23 पासून तोही सर्वत्र चालणाऱ्या एमबॉक्स फॉरमॅटवर आला. म्यूफॉरई आणि नॉटमच हा दुसरा क्लायंट मेलडिर या साठवणीच्या पद्धतीवर चालतात: एक मेल, एक फाइल. मेल वाचली की फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एस’ लागतो, उत्तर दिलं की ‘आर’. उद्या ईमॅक्स सोडलंत तरी तेच फोल्डर मट या ईमॅक्सबाहेरच्या क्लायंटमध्ये जसंच्या तसं उघडतं.

जीमेलला नुसता पासवर्ड चालत नाही, एवढंच खरं आहे. वैयक्तिक खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड (एका प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड) घेता येतो. संस्थेच्या खात्याला अनेकदा ओऑथ (पासवर्ड न देता प्रोग्रॅमला परवानगी देण्याची पद्धत) लागतं आणि ॲडमिनने परवानगी दिली नाही तर वाट बंद. पण ती अडचण बाहेरच्या बहुतेक क्लायंटना येते. एक गोष्ट मात्र सेटिंगमध्ये आवर्जून करा: पाठवलेल्या मेलची प्रत जीमेल स्वतः ठेवतं, म्हणून म्यूफॉरईला ती ठेवू देऊ नका. नाहीतर ‘सेंट’मध्ये प्रत्येक मेल दोनदा दिसेल.

आता ‘सगळे सारखेच’. दिसायला असतीलही, पण तुम्ही मेलवर केलेली खूण कुठे साठते, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्यूफॉरई ती फाइलच्या नावात ठेवतो. फोल्डर आणि सर्व्हर जुळवून ठेवणाऱ्या एमबीसिंक या प्रोग्रॅमने ती सर्व्हरवर जाते आणि फोनवरही मेल वाचलेली दिसते. नॉटमचचे टॅग त्याच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहतात. ‘वाचलेली’सारख्या मोजक्या खुणा तो फाइलच्या नावात उतरवू शकतो, पण तुम्ही हौसेने बनवलेले टॅग उतरत नाहीत. डेटाबेस गेला की तेही गेले, म्हणून ‘नॉटमच डंप’ (टॅगची वेगळी प्रत) नियमित घ्यायलाच हवा. शिवाय नॉटमच मेल आणत नाही आणि पुसतही नाही; ‘डिलीटेड’ टॅग लावलेली मेल डिस्कवर तशीच असते. भल्यामोठ्या साठ्यात शोधायला मला तोच आवडतो, पण हे माहीत नसताना तो कुणाच्या गळ्यात मारणं बरोबर नाही.

ग्नस या ईमॅक्समधल्याच तिसऱ्या क्लायंटची घडण आणखी वेगळी. तो मुळात न्यूजग्रुप (इंटरनेटवरचे जुने चर्चागट) वाचण्यासाठी बनला, त्यामुळे वाचलेली मेल यादीतून नाहीशी होते आणि नवखा माणूस ती पुसली गेली असं समजून हादरतो. ती सर्व्हरवर सुखरूप असते. ग्नस आयमॅपने (सर्व्हरवरची मेल तिथेच वाचण्याची पद्धत) थेट वाचतो, म्हणून स्थानिक प्रत ठेवायची नसेल त्याला तो सोयीचा. मात्र सर्व्हर संथ असला की ईमॅक्स तेवढा वेळ अडकून राहतं. ज्याला फोन आणि संगणक दोन्हीकडे मेल बघायची आहे आणि नेट नसतानाही जुनी मेल शोधायची आहे, त्याने म्यूफॉरई घ्यावा.