खुलासा : ग्लेन ॲलन वॉकन उपराष्ट्राध्यक्ष नव्हते

‘द वेस्ट विंग’ या अमेरिकी मालिकेत जॉन गुडमन यांनी साकारलेले ग्लेन ॲलन वॉकन हे उपराष्ट्राध्यक्ष असून त्याच नात्याने त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाचा कार्यभार घेतला, अशी माहिती काल्पनिक उपराष्ट्राध्यक्षांच्या याद्यांमधून फिरत आहे. ती चुकीची आहे. वॉकन हे प्रतिनिधिगृहाचे सभापती होते, तेही विरोधी रिपब्लिकन पक्षाचे, आणि कथेतला सारा ताण नेमका यातूनच निर्माण होतो.

उपराष्ट्राध्यक्ष जॉन हॉइन्स यांनी प्रेमप्रकरण आणि त्यातून फुटलेली गोपनीय माहिती यांमुळे राजीनामा दिल्याने ते पद रिकामे होते. अशा वेळी मुलीचे अपहरण झालेले राष्ट्राध्यक्ष बार्टलेट पंचविसाव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन तात्पुरते बाजूला होतात, तेव्हा उत्तराधिकाराच्या 1947 च्या कायद्यातील क्रमानुसार जबाबदारी सभापतींकडे जाते. मात्र त्या कायद्यानुसार कार्यभार घेणाऱ्या सभापतीला सभापतिपद आणि सदस्यत्व दोन्ही सोडावे लागते. म्हणूनच 2003 साली प्रसारित झालेल्या त्या भागात वॉकन आधी राजीनामा देतात आणि मगच शपथ घेतात. काही दिवसांच्या अधिकारासाठी त्यांनी हातचे पद गमावले, ही त्या पात्राची खरी उंची, आणि त्यांना उपराष्ट्राध्यक्ष म्हटले की नेमकी तीच पुसली जाते.

हॉइन्स यांच्या जागी पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाले ते बॉब रसेल. ती भूमिका गॅरी कोल यांनी केली होती.